दोन पंगतींची चाळीस मिनिटं

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा डॉक्टर अकीलाबाई, व्यासपीठावर बसलेले मंडळाचे सर्व पदाधिकारी, आजचे सत्कारमूर्ती श्रीयुत बाळाजीराव तोरसकर, त्यांच्या शेजारी शाल सावरत संकोचून बसलेल्या मथुरावहिनी, आणि खुर्च्या दरवर्षीप्रमाणे कमी पडल्यामुळे भिंतीला टेकून उभे असलेले माझे बंधुभगिनी, सर्वांना नझीर हमदुलेचा नमस्कार आणि सलाम.

सूत्रसंचालकांनी माझी ओळख ‘मंडळाचे ज्येष्ठ हितचिंतक’ अशी करून दिली. बरं वाटलं. हितचिंतक म्हणजे ज्याला मताचा अधिकार नाही पण चहा मात्र पहिला मिळतो असा माणूस. पोटापाण्यासाठी मी मनामातल्या एका वकिलाच्या कचेरीत दुभाष्याचं काम करतो. आपल्यापैकी कुणी कोर्टात उभा राहिला की त्याची मराठी-हिंदी मी साहेबांच्या इंग्रजीत घालतो आणि साहेब ती अरबीत घालतात. इतका प्रवास करून माणसाचं म्हणणं न्यायाधीशांपर्यंत पोचतं, तेव्हा त्यात त्याचं किती उरतं हे मला विचारू नका. आज त्याबद्दलच बोलायचं आहे, पण आधी सत्कारमूर्तींबद्दल.

बाळाजीरावांची या बहरीन बेटावर बावीस वर्षं झाली. एकोणीसशे बासष्टमध्ये ते आले तेव्हा इथे मराठी माणूस शोधायला दुर्बीण लागत होती म्हणतात. मी आलो बहात्तरला. विमानतळावर मला घ्यायला येणारा माणूस आलाच नाही. दुसऱ्या कुणाला तरी सोडायला आलेल्या बाळाजीरावांनी माझ्या ट्रंकेवरचं ‘राजापूर’ वाचलं आणि विचारलं, “जेवलास का रे?” नाव नंतर विचारलं. जात, धर्म, काम, काहीच नाही, आधी जेवण. या सभागृहात असे किती जण असतील ज्यांना बाळाजीरावांनी पहिलं जेवण घातलं? हात वर करा बरं. बघा, वहिनी, बघा. हे सगळे तुमच्या स्वयंपाकघराचे साक्षीदार.

तेव्हा मी आता जे बोलणार आहे ते या माणसाबद्दल मनात काही धरून बोलत नाही. मला फार आदर आहे. आणि आदर असूनही गेली दोन वर्षं माझं डोकं उठलेलं आहे. दोन्ही गोष्टी एकाच माणसाबद्दल असू शकतात, त्याला मी तरी काय करू.

बाळाजीरावांच्या आयुष्यातला एक मानाचा प्रसंग तुम्हा सर्वांना पाठ आहे. छप्पन्न साली मुंबईच्या सेशन्स कोर्टात ते ज्युरीवर होते. तेव्हा तिकडे ज्युरी होती, पुढे सरकारने बंद केली. बाळाजीराव म्हणतात, चांगलं केलं नाही. त्या खटल्यात भर रस्त्यात एकाने दुसऱ्यावर सुरी चालवली होती. नऊ ज्युरर बंद खोलीत बसून दोनच गोष्टी तोलत राहिले: आधी ठरवून केलं का, आणि कशासाठी केलं. सुरी त्याने सकाळी विकत घेतली होती की संध्याकाळी, यावर दोन तास गेले. ही कहाणी आम्ही सखीरच्या वाळवंटात सहलीला गेलो की बाळाजीराव सांगत, आणि दर वेळी आम्ही पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखे तोंड उघडून ऐकत असू.

म्हणून अठ्ठ्याहत्तर सालच्या डिसेंबरात आपल्या मंडळात ती मारहाण झाली, तेव्हा बाळाजीराव म्हणाले, आपण ज्युरी नेमू. नऊ माणसं एकाच शिफ्टला मोकळी मिळेनात, म्हणून पाच नेमली.

नवीन मंडळींसाठी सांगतो. एक डिसेंबर, शुक्रवार. मंडळाची सत्यनारायणाची पूजा, शाळेच्या अंगणात महाप्रसाद, तीनशे माणूस. वाढायला गणपत मांजरेकर. गणपत पाइप फिटर, मूळचा देवगडकडचा. पण मंडळात त्याची ओळख वाढपी म्हणूनच होती. वरणाची बादली त्याच्या हातात दिली की पंगतीत कुणाचं पान कोरडं राहत नसे. “वरान घेवा, वरान! लाजा नको, पूजा तुमचीच हा!” असं ओरडत जायचा. पोरंसुद्धा त्याची नक्कल करायची.

दुसरी पंगत बसली होती. त्यात शंभू घाडी जेवायला होता. शंभू गणपतच्याच गावचा, त्याच्याच कंपनीत चार्जहँड, म्हणजे फिटरांच्या टोळीचा मुकादम. महिन्याभरापूर्वीच गावाहून रजा संपवून आला होता. गणपत त्याला वाढायला वाकला, दोघांत काहीतरी बोलणं झालं. मग तिसरी पंगत झाली, चौथी झाली. शेवटचं पान उठलं. नंतर शंभू अंगणात चारचौघांत सुपारी कातरत उभा असताना गणपत त्याच्याकडे चालत गेला आणि हातातलं वरणाचं ओगराळं त्याने शंभूच्या तोंडावर मारलं. पितळी ओगराळं. ओठ फाटला, दोन दात गेले. बायका किंचाळल्या. पूजा सांगायला आलेले गुरुजी मांडव सोडून निघून गेले.

शंभूने पोलिसांत तक्रार केली नाही. केली असती तर गणपतचा व्हिसा संपला असता, आणि मंडळाचं नावही. बाळाजीरावांनी सगळ्यांना शांत केलं, म्हणाले, आपल्यात मिटवू. हे त्यांचं मोठेपण होतं, मी आजही मानतो.

पाच जणांच्या ज्युरीत बाळाजीराव होते, हॉस्पिटलातल्या सिस्टर रत्नाबाई होत्या, आता कुवेतला गेलेले एक गृहस्थ होते, आता गावी बसलेले एक गृहस्थ होते आणि पाचवा मी. मला का घेतलं? बाळाजीराव म्हणाले, “नझीर कोर्टातला माणूस आहे आणि कुणाच्या गावकीतला नाही.” खरं आहे. मी गावकीतला नव्हतो. तिथेच सगळं फसलं, पण ते कळायला मला चार वर्षं लागली.

तीन बैठका झाल्या. गणपत समोर खुर्चीवर बसायचा, मांडीवर हात, नजर जमिनीवर. मी कागद घेऊन लिहायला.

बाळाजीरावांचा मुद्दा एकच होता आणि तो बिनतोड वाटत होता. भांडण दुसऱ्या पंगतीत झालं, मार चौथी उठल्यावर बसला. म्हणजे मधे दोन पंगती. दोन पंगती म्हणजे चाळीस मिनिटं. ते म्हणाले, “रागावलेला माणूस घड्याळ बघत नाही. मला राग आला तर मी त्याच जागी बोलून मोकळा होतो. चाळीस मिनिटं थांबला, म्हणजे ठरवून थांबला. गरम वरणाची बादली हातात होती, ती नाही टाकली. सगळे जेवून मोकळे झाल्यावर, सगळ्यांच्या देखत मारायचं होतं त्याला.”

हेतू काय? तोही सापडला. चार्जहँडची जागा. ती गणपतला मिळणार अशी बोलवा होती, मिळाली शंभूला. झालं, मत्सर. हेतू मिळाला, पूर्वतयारी मिळाली, ज्युरीला आणखी काय हवं?

मी इतक्या वर्षांत कोर्टात एक गोष्ट पाहिली आहे, अध्यक्षबाई, तुमची चिठ्ठी बघितली, आटपतोच. मी असं पाहिलं आहे की माणसं दुसऱ्याचा राग स्वतःच्या रागाच्या मापाने मोजतात. बाळाजीरावांचा राग दुधासारखा, उतू गेला की शांत. मग ज्याचा राग थांबतो तो त्यांना कपटी वाटणारच. माझा बाप राजापूरला अजिबात न रागावणारा म्हणून प्रसिद्ध होता आणि भावाशी अकरा वर्षं बोलला नाही. मला तरी कळायला हवं होतं.

रत्नाबाईंनी एक प्रश्न विचारला होता. बाई तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत, मान खाली घालू नका बाई. त्यांनी विचारलं, “त्या दोन पंगतींत गणपत ओरडत वाढत होता का?” सगळ्यांनी आठवून सांगितलं, नाही. त्या दोन पंगतींत त्याच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. कुणी म्हणालं, एका बाईच्या पानात त्याने तीनदा वरण वाढलं, ती नको नको म्हणत असताना. बाळाजीराव म्हणाले, “बघा! मनात बेत शिजत होता.” मी लिहून घेतलं.

मग मी स्वतः गणपतला विचारलं, “गणपतभाऊ, राग आला तेव्हाच का नाही काही बोललात? चाळीस मिनिटं कशाला थांबलात?”

तो म्हणाला, “पंगत उठूची होती.”

एवढंच. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. आणि मी, दुभाषा, कागदावर काय लिहिलं? ‘आरोपीने पंगत उठण्याची वाट पाहिली.’ शंभूला विचारलं, तू त्याला काय बोललास? तो तोंडाला रुमाल लावून म्हणाला, “काही नाही, वरण मागितलं.” तेही लिहिलं. गणपतने मान वर केली, शंभूकडे बघितलं आणि पुन्हा खाली घातली. तेवढं मात्र मी लिहिलं नाही. त्याला कुठल्या रकान्यात घालणार?

हात वर करायची वेळ आली. चार हात वर गेले, त्यात माझा एक. रत्नाबाईंचा हात पदराखाली राहिला. निकाल: मारहाण पूर्वनियोजित, हेतू मत्सर. गणपत मांजरेकरचं नाव मंडळातून कायमचं कमी, कुठल्याही कार्यक्रमाला प्रवेश नाही. माझ्या सुरेख अक्षरात तो ठराव आजही आपल्या वहीत आहे.

त्याचं पुढे काय झालं? तो सनद गावच्या कामगार कॅम्पवर राहतो. निकालानंतर खोलीतले आपलेच दोघे दुसऱ्या खोलीत गेले. जो ठरवून डूख धरतो त्याच्या शेजारी झोपायचं कसं, म्हणे. सहा वर्षांत या बेटावर किती लग्नं झाली, किती बारशी झाली, कुणी त्याच्या हातात बादली दिली नाही. गणेशोत्सवात आरती सुरू झाली की तो समोरच्या किराणा दुकानाच्या पायरीवर सोड्याची बाटली घेऊन उभा असायचा. तुम्ही पाहिलं आहे. मी पण पाहिलं आहे. आपण हात हलवला नाही.

ब्याऐंशी साली मी रजेवर निघालो तेव्हा गणपतने माझ्याकडे घरी द्यायला एक पार्सल दिलं. एक ब्लँकेट आणि दूधपावडरचा डबा. मी राजापूरहून देवगडकडे त्याच्या घरी गेलो. त्याच्या बायकोने, रंभावहिनींनी, पाट मांडला. भिंतीवर म्हातारीचा फोटो, हार घातलेला. मी विचारलं, कधी गेल्या? त्या म्हणाल्या, “चार वर्सां झाली. ऑक्टोबरात. शंभूभावजी तेव्हा हयच होते, बाराव्याचा सगळा त्यांनीच केल्यानी. ह्यांका तार धाडू नको, तोंडान सांगा, म्हणान मियाच त्यांका सांगितलंय. परमुलखात तार वाचून माणूस काय करतलो?”

मी पाटावर बसल्या बसल्या महिने मोजले. ऑक्टोबरात आई गेली. नोव्हेंबरात शंभू बहरीनला आला. एक डिसेंबरला पूजा.

परत आलो तो तडक सनदला गेलो. गणपत कपडे वाळत घालत होता. मी म्हणालो, “त्या दिवशी शंभू तुला काय बोलला, ते मला आज सांग.” त्याने हातातला सदरा पिळून दोरीवर टाकला. मग त्याने सांगितलं. वाढताना त्याने सहज विचारलं होतं, वरण कसं झालंय? आणि शंभू रंगात येऊन बोलून गेला: “असा वरान तुज्या आवशीच्या बाराव्याक पण झाला नाय हां!”

तेव्हा त्याला कळलं. वरणाची बादली हातात, समोर पाऊणशे पानं, मागे दोन पंगती ताटकळत, आणि आई गेल्याचं असं कळलं.

आता तुमच्यापैकी जे हिंदू आहेत त्यांना पुढचं सांगायला नको. मला मात्र तो समजावून सांगत होता, शाळेतल्या पोराला सांगावं तसं. बातमी कानावर पडली की सुतक लागतं. सुतकातल्या माणसाने पूजेच्या प्रसादाला हात लावायचा नसतो. त्याने तिथे नुसता हंबरडा फोडला असता तरी तीनशे माणूस अर्ध्या पानावरून उठलं असतं. तो म्हणाला, “तीनशे माणसांच्या पोटातलो प्रसाद मी बाटवू? पाप लागतला तर माका एकट्याक लागूदे. पंगत उठूची होती.”

आणि मार? तो मारायला गेलाच नव्हता हो! ओगराळं त्याच्या हातात होतं कारण तो ते धुवायला निघाला होता. वाटेत शंभू दिसला. तो विचारायला गेला, आई कधी गेली, कुठल्या तिथीला. शंभू म्हणाला, “शटडाऊन संपल्यार सांगणार होतंय.” कारखाना दुरुस्तीसाठी बंद होता, त्या काळात कुणाला रजा नसते, आणि गणपत रजा मागेल म्हणून शंभूने महिनाभर त्याला त्याच्या आईचं मरण सांगितलं नाही. मग ओगराळं उठलं. चाळीस मिनिटं नाही, चार सेकंदही लागले नसतील.

आम्ही पाच शहाणी माणसं, तीन बैठका, एवढा चहा, आणि आम्हाला चाळीस मिनिटांचं कपट दिसलं. जो माणूस आपल्या अन्नावर विटाळ येऊ नये म्हणून आईचं रडणं गिळून वाढत होता, त्याच्या गप्प राहण्याला आम्ही बेत म्हटलं. आणि ज्युरीपुढे तो खरं बोलला नाही, कारण बोलला असता तर तुम्हा सर्वांना कळलं असतं की तो प्रसाद तुम्ही कुणाच्या हातचा खाल्लात. संताप होतो हो. शंभूचा होतो, पण तो तीन वर्षांपूर्वीच मस्कतला गेला. बाळाजीरावांचा होतो. सगळ्यात जास्त माझ्या स्वतःच्या अक्षराचा होतो.

दोन वर्षं मी प्रत्येक वार्षिक सभेत ‘ऐनवेळचे विषय’ म्हणून फेरविचाराची चिठ्ठी दिली. ऐनवेळच्या विषयांची वेळ कधी येत नाही, हे आपल्याला माहीत आहेच. बाळाजीराव मला म्हणाले, “नझीर, कारण सांग. निकाल लागला, फाईल खलास.” आणि कारण सांगायची मला बंदी होती. गणपतने शपथ घातली होती. तेव्हा बाळाजीरावांना हे माहीत नव्हतं, हेही मला जाहीरपणे सांगितलं पाहिजे. आज त्यांना हे प्रथमच कळतं आहे. वहिनी, त्यांना पाणी द्या.

या आठवड्यात मी पुन्हा सनदला गेलो. गणपतचं कॉन्ट्रॅक्ट संपलं. मंगळवारच्या ज्या विमानाने बाळाजीराव आणि वहिनी कायमचे मुंबईला चालले आहेत, त्याच विमानात त्याची जागा आहे. त्याला निरोप समारंभ नाही. मी म्हणालो, आता तरी बोलू दे. त्याने विचार केला आणि म्हणाला, “सांगूचा तर तोरसकरांच्या तोंडार सांग. ते गेल्यार पाठसून नको. त्यांनी माका पयला जेवाण घातल्यानी हा.” सहा वर्षं ज्या माणसाने वाळीत टाकलं, त्याच्या पहिल्या जेवणाची आठवण ठेवून!

ज्यांना वाटत असेल की सहा वर्षांपूर्वीचा प्रसाद बाटला, त्यांनी मला काय हवं ते बोलावं. माझी तयारी आहे. त्याला एक शब्द बोलू नका.

अध्यक्षांची दुसरी चिठ्ठी आली. आता खरंच संपवतो.

बाळाजीराव, तुम्ही आम्हाला शिकवलंत की ज्युरीने दोन गोष्टी तोलायच्या. मी आज तिसरी सांगतो, लहान तोंडी मोठा घास घेतो: आपण कुणाला तोलतोय, त्याच्या घरी काय घडलं, हे ज्युरीतल्या निदान एकाने तरी जाऊन विचारून यावं. आपण कुणीच गेलो नाही. मी गेलो तो पार्सल द्यायला.

आयोजकांनी मला बोलायची संधी दिली, अध्यक्षबाईंनी दोन चिठ्ठ्या देऊनही मला खाली ओढलं नाही, आणि आपण भुकेल्या पोटी इतकं ऐकून घेतलंत, त्याबद्दल मनापासून आभार. सत्कारमूर्तींना आणि वहिनींना उदंड आयुष्य लाभो, इंशाल्ला. आनंदाच्या प्रसंगी कडू बोललो असेन, बोलताना कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर ते पोटात घाला. पण माझ्या एका वर केलेल्या हाताची चूक माफ करणं तुमच्या हातात नाही. ज्याच्या हातात आहे तो खाली माझ्या गाडीत बसला आहे. मी चल म्हटलं म्हणून आला, पण वर यायला तयार नाही. म्हणतो, नाव कमी झालंय, बोलावल्याशिवाय कसा येव?

जेवण तयार आहे. आज गणपत मांजरेकर वाढणार नाही, पहिल्या पंगतीत बसणार आहे. त्या ज्युरीतले तिघे आत्ता या सभागृहात आहोत. माझ्या हातचं चालेल का, हे मी त्याला विचारलं. हसला, म्हणाला, “नझीरभाई, माज्या हातचा तुमी सगळ्यांनी खाल्लास.” तेव्हा वरणाची बादली मी घेतो. रत्नाबाई तूप वाढतील.

बाळाजीराव, भात तुम्ही वाढायचा आहे. पण त्याआधी खाली जाऊन त्याला विचारा, “जेवलास का रे?”